स्कॉटलंडची दलदल आणि तिला 'पडीक' म्हणणारे लोक

२०२४ च्या जुलैमधे दिल्लीत भारत मंडपममधे युनेस्कोच्या वर्ल्ड हेरिटेज कमिटीची मीटिंग झाली, भारतात पहिल्यांदाच. आपल्याकडे बातम्या आल्या त्या आसामच्या मोइदामच्या, म्हणजे अहोम राजघराण्याच्या दफनटेकड्यांच्या, आणि ते साहजिकच होतं. पण त्याच आठवड्यात त्याच हॉलमधे स्कॉटलंडमधली एक दलदल पण यादीत गेली आणि तिच्याकडे आपल्याकडे फारसं कोणी बघितलंच नाही. किल्ला नाही, देऊळ नाही, धबधबा नाही, सरळ सरळ दलदल. नाव द फ्लो कंट्री, स्कॉटलंडच्या पार उत्तर टोकाला, केथनेस आणि सदरलंड या भागात. पूर्ण पसारा साधारण ४,००० चौरस किलोमीटरचा, म्हणजे अख्ख्या गोव्यापेक्षा जरा मोठाच, त्यातला निम्म्याच्या आसपास भाग यादीत घेतलाय. केवळ पीट-दलदल म्हणून या यादीत गेलेली ही जगातली पहिली जागा.

फोटो बघितलेत तर पहिल्यांदा वाटेल की यात बघण्यासारखं आहे तरी काय. तपकिरी-हिरवट सपाट जमीन, झाड औषधालाही नाही, मधे मधे काळ्या पाण्याची डबकी, आणि वर कायम भरून आलेलं आभाळ. वरून ड्रोनने बघितलं तर मात्र ती डबकी हजारोंनी दिसतात आणि त्यांची अशी नक्षी झालेली असते की कोणी मुद्दाम कोरलीये असं वाटावं. जमिनीवरून चालणाऱ्याला ते काही दिसत नाही, त्याला फक्त भिजलेले बूट दिसतात. म्हणूनच गेली अडीचशे वर्षं जो कोणी बाहेरून आला त्याने हेच ठरवलं की ही जमीन फुकट पडलीये, हिचं काहीतरी करायला पाहिजे. या जमिनीचं जे काही वाटोळं झालं ना, ते बहुतेक सगळं या एका समजुतीतून झालं असं माझं मत आहे, आणि पुढे जे लिहितोय ते वाचून तुम्हालाही तसं वाटेल बहुतेक.

आधी पीट म्हणजे काय ते बघू. झाडपाला मेला की कुजतो आणि त्याची माती होते हे आपल्याला माहिती आहे. कुजायला बुरशी लागते, जीवाणू लागतात, आणि त्यांच्यातल्या कामसू मंडळींना ऑक्सिजन लागतो. आता अशी जागा घ्या जिथे वर्षभर पाऊस भुरभुरतोय, थंडी आहे, पाणी ना नीट वाहून जातंय ना उडून जातंय. तिथे जमीन कायम पाण्याने तुडुंब, हवेला आत शिरायला वाव नाही, त्यामुळे मेलेलं झाड अर्धवट कुजतं आणि तसंच राहतं. त्याच्यावर पुढच्या वर्षीचं, त्याच्यावर त्याच्या पुढच्या. असा थर वाढायचा वेग वर्षाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे हजार वर्षांत एक मीटर. हिमयुग संपल्यावर इथला बर्फ वितळला तेव्हापासून हे चालू आहे आणि फ्लो कंट्रीत काही ठिकाणी हा थर दहा मीटरपर्यंत जाडीचा आहे. ओल्या पीटमधे वजनाने जवळपास ९० टक्के पाणीच असतं, त्यामुळे तुम्ही तिथे उभे असता तेव्हा खरं म्हणजे कसंबसं धरून ठेवलेल्या पाण्यावरच उभे असता. उपग्रहाने मोजलं तर ही जमीन पावसाळी दिवसांत थोडी फुगते आणि कोरड्या दिवसांत खाली बसते हे कळतं, तिथले संशोधक याला दलदलीचा श्वास म्हणतात.

हे सगळं घडवून आणतं ते स्फॅग्नम नावाचं शेवाळ्यासारखं झाड. त्याला मुळं नाहीत. त्याच्या पानांत जिवंत पेशींच्या मधे मोठमोठ्या मेलेल्या, पोकळ पेशी असतात आणि त्या पाणी भरून ठेवतात, स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसपट वगैरे. शिवाय हे शेवाळ पाण्यातले कॅल्शियमसारखे क्षार ओढून घेतं आणि बदल्यात आम्ल सोडतं, त्यामुळे आजूबाजूचं पाणी इतकं आंबट होतं की दुसऱ्या झाडांना तिथे टिकणं अवघड. म्हणजे स्वतःला सोयीची जागा स्वतःच तयार करायची आणि शेजारच्यांना हाकलून द्यायचं, लई हुशार प्रकरण आहे. पहिल्या महायुद्धात कापूस स्फोटकांसाठी लागत होता म्हणून जखमांना बांधायला कमी पडायला लागला, तेव्हा एडिंबरोचे सर्जन चार्ल्स कॅथकार्ट यांनी हे शेवाळ वापरायचा आग्रह धरला. मग गावोगावच्या बायका-पोरं माळावर जाऊन पोतीच्या पोती भरून आणायची, त्यातल्या काड्या-किडे निवडायचे, वाळवायचं, मलमलच्या पिशव्यांत शिवायचं आणि पाठवायचं फ्रान्सच्या आघाडीवर. युद्ध संपता संपता ब्रिटनमधून महिन्याला दहा लाखांच्या आसपास अशा पट्ट्या जात होत्या. कापसापेक्षा कितीतरी जास्त रक्त-पू शोषून घ्यायचं आणि आम्लामुळे जंतूंनाही आळा बसायचा.

खत नाही, क्षार नाहीत, अशा जागी काही झाडांनी जेवणाची वेगळी सोय केली. ड्रॉसेरा नावाचं छोटं झाड आहे, पानांवर लाल केस आणि केसांच्या टोकाला चिकट थेंब, त्यावर किडा बसला की संपला, पान हळूहळू वळतं आणि त्याला पचवतं. हे वाचून कास पठारावर जाऊन आलेल्यांना ओळखीचं वाटलं असेल, कारण आपल्याकडे ज्याला दवबिंदू म्हणतात तो याच कुळातला, फक्त जाती वेगळ्या. कारणही तेच, कासच्या कातळावरच्या पातळ मातीत पण नायट्रोजनची बोंब आहे. बाकी इथे पांढऱ्या कापसाच्या बोंडासारखे तुरे डोलवणारं कॉटन ग्रास आहे, जांभळं हेदर आहे, आणि बॉग मर्टल नावाचं सुगंधी झुडूप आहे ज्याच्या फांद्या लोक मिजेसना पळवायला वापरत आले. मिजेस म्हणजे चिलटांपेक्षा बारीक चावऱ्या माश्या, उन्हाळ्यात त्यांचे ढगच्या ढग येतात. पक्ष्यांसाठी अर्थात ती मेजवानी. डनलिन, गोल्डन प्लोव्हर, ग्रीनशँक हे सगळे इथे जमिनीवर घरटी करतात, काळ्या डबक्यांवर डायव्हर पक्षी असतात ज्यांची हाक रात्री ऐकली तर अंगावर काटा यावा. ग्रीनशँक म्हणजे आपला हिरवा टिलवा, हिवाळ्यात कोकणातल्या खाड्यांवर आणि धरणांच्या कडेला दिसतो तोच, फक्त आपल्याकडे येणारे उत्तर आशियातून येतात, स्कॉटलंडचे तिकडेच युरोप-आफ्रिकेकडे जातात.

आता माणसांकडे येऊ, कारण ही दलदल निसर्गाची म्हणून यादीत गेली असली तरी स्कॉटलंडभर पसरलेल्या अशा दलदलींच्या पोटात माणसंच माणसं आहेत. आणि हे अगदी शब्दशः.

हवा नाही, थंडी आहे, आम्ल आहे, म्हणजे झालं काय, तर लोणच्याची बरणी. यात जे पडतं ते टिकतं, पण कसं टिकतं याची गंमत आहे. आम्ल हाडांतला चुना विरघळवतं, तागाचं कापडही खाऊन टाकतं, पण लोकर, केस, कातडं, नखं तशीच राहतात. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर गनिस्टर नावाच्या जागी १९५१ च्या मे महिन्यात रस्त्याच्या कडेला पीट कापणाऱ्या दोघांना एक माणूस सापडला, म्हणजे माणूस जवळपास नव्हताच, थोडे केस, नखं, हाडांचे तुकडे एवढंच, पण त्याचे कपडे मात्र पूर्ण. लोकरीचा कोट, आत जॅकेट, शर्ट, चोळणा, दोन टोप्या, विणलेले हातमोजे, झिजून पुन्हा दुरुस्त केलेले लांब मोजे. शिंगाचा चमचा. आणि एक छोटी विणलेली पर्स, करड्या लोकरीवर पांढरी-लाल नक्षी, तिच्यात रेशमी फीत आणि तीन नाणी, दोन डच आणि एक स्वीडिश, तारखा १६८१, १६८३ आणि १६९०. स्कॉटलंडचं नाणं एकही नाही, कारण तेव्हा शेटलंडचा व्यापार समुद्रापलीकडच्या लोकांशीच जास्त चालायचा. शेटलंडचं रंगीत विणकाम आज जगभर विकलं जातं, आणि तिथे सापडलेला दोन-तीन रंगांच्या विणकामाचा सगळ्यात जुना नमुना म्हणजे ही पर्स. तो कोण होता, कुठे चालला होता, थंडीने मेला की काय, काही कळत नाही. राजेरजवाड्यांचे कपडे सगळीकडे जपलेले असतात हो, पण तीनशे वर्षांपूर्वीच्या साध्या माणसाचे रफू केलेले मोजे कुठे बघायला मिळतात?

त्याहून जुनं आणि त्याहून विचित्र प्रकरण म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या साउथ युइस्ट बेटावरचं क्लाध हालान हे ठिकाण. इथे कांस्ययुगातल्या गोल घरांच्या जमिनीखाली सांगाडे सापडले, पुरले गेले ख्रिस्तपूर्व ११०० च्या सुमारास. पण तपासात निघालं की ही माणसं मेली होती पुरण्याच्या काही शतकं आधी, म्हणजे इतका काळ प्रेतं जमिनीवर कुठेतरी सांभाळून ठेवली होती. हाडांच्या फक्त बाहेरच्या थरातला चुना गेला होता, त्यावरून अंदाज असा की प्रेत काही महिने पीटमधे बुडवून ठेवायचं, कुजणं थांबेल इतपतच, हाडं विरघळायच्या आत बाहेर काढायचं आणि मग ममीसारखं जपायचं. एवढ्यावर थांबलं असतं तरी पुष्कळ होतं. पण पुरुषाचा सांगाडा निघाला तीन वेगवेगळ्या माणसांचा, धड एकाचं, डोकं दुसऱ्याचं, जबडा तिसऱ्याचा, आणि डीएनए तपासला तर बाईच्या सांगाड्यातही एकापेक्षा जास्त माणसं. का केलं असेल? घराण्यांचे पूर्वज एकत्र 'जोडून' दाखवायचे होते असं काही अभ्यासकांना वाटतं, पण काही असलं तरी तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांना दलदलीची केमिस्ट्री हाताने कळली होती एवढं नक्की.

तिकडेच पश्चिमेच्या लुइस बेटावरच्या कॅलनिशच्या दगडांची पण हीच गोष्ट. पाच हजार वर्षांपूर्वी उभे केलेले उंच दगड, पण मधल्या काळात त्यांच्याभोवती पीट इतकं वाढलं की खालचा दीडेक मीटर भाग गाडला गेला. १८५७ मधे बेटाचे मालक जेम्स मॅथेसन यांनी ते पीट काढायला लावलं आणि मग दगडांची खरी उंची कळली. हे मॅथेसन म्हणजे जार्डिन मॅथेसन कंपनीतले, चीनला अफू विकून गब्बर झालेले, आणि ती अफू मुंबईहून पाठवणाऱ्यांत त्यांचे मोठे भागीदार होते जमशेटजी जीजीभॉय, ज्यांच्या नावाचं जे. जे. हॉस्पिटल आणि जे. जे. स्कूल आहे. त्या धंद्यातल्या पैशातून मॅथेसननी १८४४ मधे अख्खं लुइस बेट विकत घेतलं. म्हणजे माळव्याच्या शेतातली अफू, मुंबईची गोदी, चीनचा किनारा आणि स्कॉटलंडचं पीट अशी साखळी आहे ही. मॅथेसननी पीटपासून तेल काढायचा कारखानाही घातला होता बेटावर, तो काही फार वर्षं चालला नाही.

रोजच्या जगण्यात पीट म्हणजे सरपण. या बेटांवर झाडं जवळपास नाहीत, कोळसा नाही, तेव्हा चूल पेटायची ती पीटवर. मे महिन्यात कापणी सुरू. आधी वरची गवताची साल फावड्याने सोलून काढायची आणि ती फेकून न देता खालच्या खड्ड्यात गवत वर करून नीट लावायची, म्हणजे कापलेल्या जागी परत हिरवळ धरते. मग लांब दांड्याचं, पायाने दाबायचं पातं असलेलं खास अवजार, लुइसमधे त्याला तैरशगेर म्हणतात, त्याने एकजण ओल्या विटा कापत जाणार आणि दुसरा खाली वाकून ती लिबलिबीत वीट हातात घेऊन काठावर भिरकावणार, कापणाऱ्याचा आणि फेकणाऱ्याचा ताल जमला पाहिजे नाहीतर वीट तुटते. वरच्या थरातलं पीट तपकिरी, तंतुमय, भरकन जळून जाणारं, आणि सगळ्यात खालचं काळं कुळकुळीत, जे वाळल्यावर दगडासारखं होतं आणि खरी ऊब देतं. दोन-तीन आठवडे वाऱ्यावर सुकलं की चार-पाच विटा एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, परत सुकू द्यायच्या, आणि उन्हाळा संपता संपता घरी आणून दाराशी गंजी रचायची. ही गंजी बाहेरून तिरप्या विटांची अशी बांधायची की पाऊस आत जाणार नाही, आणि कोणाची गंजी कशी आहे यावरून गावात माणसाची किंमत व्हायची. एका घराला वर्षाला हजारो विटा लागायच्या, एकट्याचं काम नव्हेच, म्हणून आज याच्या पट्टीवर, म्हणजे याच्या वाट्याच्या पीटच्या तुकड्यावर, सगळे, उद्या त्याच्या, आणि ज्याची पट्टी त्याच्या घरून सगळ्यांना जेवण. आपल्याकडे भातलावणीला एकमेकांच्या शेतात जातात तोच व्यवहार.

लुइसमधल्या आर्नोल गावात एक जुनं घर जसंच्या तसं ठेवलंय, जाड दगडी भिंती, वर गवताचं छप्पर, आत जमिनीच्या मधोमध पीटची आग आणि धुराडं नाहीच. धूर छपरातून झिरपत बाहेर. गुरं त्याच छपराखाली. रात्री आग राखेने झाकायची, सकाळी फुंकून परत जागी करायची, विझू म्हणून द्यायची नाही. काजळीने माखलेलं जुनं छप्पर उतरवलं की ते शेताला खत. या घरात १९६० च्या दशकापर्यंत लोक राहत होते बरं का, फार जुनी गोष्ट नाहीये. उन्हाळ्यात बायका आणि तरुण पोरं गुरं घेऊन माळावरच्या छोट्या झोपड्यांत राहायला जायची, दूध-लोणी करायची, आणि त्या दिवसांवर गेलिक भाषेत गाणी आहेत, त्यातली बरीचशी प्रेमाची, ते का हे सांगायला नको.

इथे मला थोडं थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण आजकाल 'पीट जाळणं म्हणजे पाप' असं सरसकट बोललं जातं. घरापुरतं हाताने कापणारा माणूस आणि पुढे ज्यांची गोष्ट येतेय ते, यांना एकाच तराजूत तोलणं अन्यायाचं आहे. पीट जळलं की कार्बन हवेत जातो हे खरंच, ते कोणी नाकारत नाही. पण साल परत लावणारा, पट्टीपुरतं घेणारा क्रॉफ्टर म्हणजे छोटा कूळ-शेतकरी, आणि शेकडो किलोमीटर चर खणून अख्खा माळ कोरडा करणारी योजना, यात फरक हजारपटींचा आहे.

तर त्या योजना. सगळ्यात जुनी मोठी भानगड आहे स्टर्लिंगजवळच्या ब्लेअर ड्रमंडची. १७६६ मधे लॉर्ड केम्स या न्यायाधीशांच्या बायकोकडे ही इस्टेट वारशाने आली. त्यात मैलोनमैल दलदल, आणि दलदलीच्या खाली उत्तम चिकणमातीची शेतजमीन. केम्सनी डोकं चालवलं की वरचं पीट कापून पाण्याच्या चरांत टाकायचं आणि नदीतून वाहवून द्यायचं. कामाला आणली हायलँडमधली, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातली गरीब, गेलिक बोलणारी कुटुंबं, त्यांना ३८ वर्षांच्या कराराने तुकडे दिले, सुरुवातीची वर्षं खंड माफ, आणि साफ करा नि खा. राहायचं कुठे, तर पीटमधेच. चारी बाजूंनी चर खणायचा, मधे उरलेला पीटचा ठोकळा आतून कोरायचा, वर छप्पर टाकायचं, झालं घर. पुढे १७८७ मधे तिथे पाणी वर चढवायला प्रचंड मोठं पाणचक्र बसवलं. दलदल गेली, शेती आली, आणि त्या काळी सगळ्यांनी याला प्रगती म्हणूनच टाळ्या वाजवल्या. शेजारची फ्लँडर्स मॉस नावाची दलदल तेवढी बऱ्यापैकी वाचली, ती आज राखीव आहे आणि मनोऱ्यावरून बघता येते.

रेल्वेवाल्यांची पण फजिती झाली. १८८९ च्या जानेवारीत वेस्ट हायलँड लाइनसाठी रॅनोक मूर नावाचा दलदलीचा माळ बघायला सात प्रतिष्ठित गृहस्थ, इंजिनिअर, वकील, इस्टेटीचे मॅनेजर वगैरे, पायी निघाले ते शहरी कपड्यांत आणि पुरेशा खाण्याशिवाय, मग अंधार, पाऊस, चिखल, एकजण कुंपणावर आपटून बेशुद्ध, नशिबाने सगळे जिवंत परतले. नंतर रूळ टाकताना कितीही भराव घाला तो गडप व्हायचा, शेवटी झुडपांच्या जुड्या, गवताच्या साली आणि हजारो टन राख-माती टाकून त्या गादीवर रूळ तरंगवले. १८९४ मधे लाइन सुरू झाली आणि आजही गाडी तशीच त्या तरंगत्या गादीवरून जाते.

पण खरा घात झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. सरकारने माळावर चर खणायला अनुदान दिलं, मेंढ्यांना चरायला बरं गवत येईल म्हणून. गवत काही फारसं सुधारलं नाही, पाणी मात्र निघून गेलं. आणि १९७०-८० च्या दशकांत फ्लो कंट्रीत जे झालं ते वाचून हसावं की रडावं कळत नाही. नियम असा होता की जंगल लावायचा खर्च श्रीमंत माणसाला आपल्या उत्पन्नातून वजा दाखवता यायचा, वरून सरकारी ग्रँट. झालं, लंडनमधले मोठे पगारदार, टीव्हीवरचे चेहरे, पॉप गायक यांच्या वतीने कंपन्यांनी उत्तरेतली दलदल स्वस्तात घेतली, अवजड नांगरांनी चर पाडले आणि उत्तर अमेरिकेतली सिट्का स्प्रूस आणि लॉजपोल पाइन लावली. ज्यांच्या नावावर जंगल त्यांतल्या बऱ्याच जणांनी ती जमीन डोळ्यांनी पाहिली तरी असेल का शंका आहे. झाडं धड वाढली नाहीत, वाऱ्याने पडली, आणि झाडांमुळे कोल्हे-कावळ्यांना आडोसा मिळाला, म्हणून प्लोव्हर आणि डनलिन जंगलाच्या कडेपासून अर्धा-पाऊण किलोमीटर लांबच राहायला लागले. म्हणजे झाडं जेवढ्यावर लावली त्याहून कितीतरी जास्त जमीन पक्ष्यांच्या हातून गेली. १९८७ मधे सरकारच्याच नेचर कॉन्झर्व्हन्सी कौन्सिल या निसर्गसंवर्धन संस्थेने 'हे थांबवा' असा अहवाल दिला, मोठा गदारोळ झाला, आणि १९८८ च्या बजेटमधे अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी ती करसवलत काढून टाकली. लागवड जवळपास एका फटक्यात थांबली, यावरूनच कळतं की झाडांवर प्रेम किती होतं आणि टॅक्सवर किती. कौन्सिलचे नंतर तुकडे करण्यात आले, त्या अहवालाचा सूड म्हणून असं बरेच जण मानतात.

झाडं लावणं वाईट कसं, हा प्रश्न पडणं अगदी बरोबर आहे, आपल्याला शाळेपासून उलटंच शिकवलंय. हिशोब असा की जगातल्या जमिनीच्या फक्त ३ टक्क्यांवर पीट आहे आणि त्यात सगळ्या जंगलांतल्या झाडांपेक्षा जास्त कार्बन साठलाय. स्कॉटलंडचा साधारण पाचवा हिस्सा पीटखाली आहे, त्यात दीड अब्ज टनांहून जास्त कार्बन, एकट्या फ्लो कंट्रीत ४० कोटी टनांच्या आसपास. चर खणला की पाणी उतरतं, हवा आत शिरते, आणि हजारो वर्षं थांबलेलं कुजणं परत सुरू होतं. वर लावलेलं झाड जेवढा कार्बन घेतं त्यापेक्षा खालून जास्त जातो, निदान खोल पीटवर तरी. ओली दलदल मिथेन सोडते हेही खरं आहे, कोणी लपवत नाही, पण मिथेन काही वर्षांत हवेतून निघून जातो आणि पीटमधला कार्बन हजारो वर्षं बंद राहतो, त्यामुळे लांबचा हिशोब दलदलीच्याच बाजूने लागतो. वाईट हे की स्कॉटलंडच्या पीटपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त भाग आज कुठल्या ना कुठल्या प्रकारे बिघडलेला आहे. आणि कोरडं पीट म्हणजे आगीला आमंत्रण, २०१९ च्या मे महिन्यात फ्लो कंट्रीत वणवा लागला तो सहा दिवस चालला आणि ५० चौरस किलोमीटरहून जास्त भाग जळाला.

कधीकधी भांडण चांगल्या आणि चांगल्यात पण होतं. २००४ मधे लुइसच्या बार्व्हस माळावर २३४ पवनचक्क्या उभारायचा प्रस्ताव आला, नंतर तो १८१ वर आणला. स्वच्छ वीज, बेटावर नोकऱ्या, बोलायला जागाच नाही. पण प्रत्येक चक्कीला पीटमधे पाया, मधे रस्ते, पक्ष्यांचं राखीव क्षेत्र. सुमारे ११ हजार हरकती आल्या आणि २००८ मधे स्कॉटिश सरकारने नकार दिला. बेटावर यावरून घराघरांत दोन तट पडले होते, आणि 'लंडन-एडिंबरोच्या पक्षीप्रेमींनी आमच्या पोटावर पाय दिला' असं म्हणणाऱ्यांचं अगदीच चूक होतं असं मला वाटत नाही.

व्हिस्कीचं नाव काढलं नाही तर तुम्ही सोडणार नाही मला. बार्ली भिजवून मोड आणायचे आणि ते मोड सुकवताना खाली पीट जाळायचं, धुरातले फिनॉल दाण्यात उतरतात, तोच तो आयोडीन-औषधासारखा धुरकट वास. आयला बेटावर दुसरं इंधन नव्हतं म्हणून ही चव आली, पुढे तीच ओळख झाली. ऑर्कनी बेटांवरचं पीट हेदरमधून झालेलं त्यामुळे धूर वेगळा. स्कॉचच्या बाटल्या मोजल्या तर आज भारत जगातल्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकांपैकी आहे, २०२२ मधे तर फ्रान्सला मागे टाकून पहिला होता, आणि गोव्यात बनणाऱ्या पॉल जॉनच्या धुरकट सिंगल माल्टसाठी पण पीट स्कॉटलंडचंच येतं. तरी व्हिस्कीसाठी जाणारं पीट थोडंच, व्यापारी खणकामाचा मोठा वाटा जातो कुंड्यांच्या मिश्रणात.

आता दुरुस्ती. काम ऐकायला सोपं आहे, पाणी बाहेर पडू द्यायचं नाही. चरांत थोड्या थोड्या अंतरावर पीटचेच बांध घालायचे, उघड्या पडलेल्या काळ्या कडा उतरत्या करून त्यावर हिरवी साल पांघरायची, लावलेली झाडं तोडायची आणि नांगराच्या सऱ्या बुजवायच्या. रुंद पट्ट्यांचं एक्सकॅव्हेटर असतं, चिखलात रुतू नये म्हणून, आणि ते चालवणारे बहुतेक तिथलेच, काहींनी तर तरुणपणी हेच चर खणायची कामं केलेली. फ्लो कंट्रीतल्या फोर्सिनार्डला आरएसपीबी या पक्षीसंस्थेने १९९५ पासून जमीन घेऊन हे सुरू केलं, रेल्वे स्टेशनच्या इमारतीतच त्यांचं माहिती केंद्र आहे, आणि फरशांच्या वाटेवरून डबक्यांमधून फिरता येतं. तिथे मोजमाप केलं तेव्हा झाडं तोडून दहा वर्षं झालेली जमीन अजून कार्बन सोडतच होती, सोळा वर्षं झालेली मात्र घ्यायला लागली होती. म्हणजे बिघडवायला एक नांगर आणि एक आठवडा, सुधारायला दीड दशक, आणि गेलेला थर परत यायला हजारो वर्षं.

सरकारने २०३० पर्यंत अडीच लाख हेक्टर दुरुस्त करायचं ठरवलंय, २०२० मधे २५ कोटी पौंडही जाहीर केले, पण कामाचा वेग ठरल्यापेक्षा मागेच आहे. यंत्रं आणि ती चालवणारी माणसं कमी, हंगाम छोटा, कारण पक्ष्यांच्या विणीत काम बंद. त्यात कार्बन क्रेडिटचा, म्हणजे हवेत जाण्यापासून वाचवलेला कार्बन कंपन्यांना विकण्याचा, पैसा आलाय, जमिनीच्या किमती वाढल्यात, आणि सामायिक चराऊ माळावर क्रॉफ्टरचा हक्क चराईचा आणि पीट कापायचा, पण जमीन इस्टेटीची, मग त्या पीटमधल्या कार्बनचे पैसे नक्की कोणाचे यावर कायद्यात स्पष्टता नाही. ज्यांच्या आज्यांनी पिढ्यान् पिढ्या साल परत लावली त्यांच्या वाट्याला यातलं काय येतं, यावर तिथे सध्या भांडणं चालू आहेत.

आणि कुंड्यांचं म्हणाल तर स्कॉटिश सरकारने २०२३ मधे बागकामाच्या पीटवर विक्रीबंदी आणायची का यावर लोकांची मतं मागवली. पर्याय म्हणून ब्रिटनमधल्या नर्सऱ्यांत जे मिश्रण विकलं जातं त्यात लाकडाचा भुसा, झाडांची साल आणि नारळाच्या काथ्याचा चुरा असतो, तो चुरा मुख्यतः भारत आणि श्रीलंकेतून जातो. आपल्या बाल्कनीत ज्याला आपण कोकोपीट म्हणतो तोच. आपल्याकडे ऑनलाइन 'पीट मॉस' म्हणून जे महागाचं पाकीट मिळतं ते मात्र खरंखुरं खणलेलं पीट असतं, बहुधा कॅनडा किंवा उत्तर युरोपातलं, आणि जास्वंद-तुळशीला त्याची काही एक गरज नसते.